ग्रंथपेटीची शेवटची चूक

“ज्या वस्तूचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, ती वस्तू फार काळ टिकत नाही!” निवृत्त मुद्रितशोधकांनी खुर्चीतून जाहीर केलं.

“टिकेल हो. आधी पाय वर घ्या, केर काढायचाय,” त्यांची बायको म्हणाली.

त्यांनी पाय वर घेतले, मुद्दा मात्र सोडला नाही. वस्तू म्हणजे ‘ग्रंथपेटी’. हौशी लोकांनी मिळून वाचनालयांसाठी बनवलेलं, कुणीही फुकट वापरावं असं सॉफ्टवेअर. त्याची माहितीपुस्तिका इंटरनेटवर होती. सातशे पानांची, शंभर हातांनी लिहिलेली. कुणी ‘ग्रंथ पेटी’ लिहिलं होतं, कुणी ‘ग्रंथ-पेटी’. एका महाभागाने तर एकाच परिच्छेदात तिन्ही प्रकार वापरून कुणालाच नाराज केलं नव्हतं.

छापखान्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला हे बघवेना. रोज सकाळी चहा झाला की ते एक पान उघडत, चष्मा नाकावर सरकवत आणि दुरुस्ती करून पाठवून देत. “एका बटणात सगळी बदलतील की, बाबा,” असं मुलीने सुचवून पाहिलं होतं. “बटणाला डोळे असतात का?” या उत्तरानंतर तिने नाद सोडला.

दोन वर्षांनी, आज, सातशेवं पान झालं. आणि नेमका आजच मुख्य प्रोग्रॅमरबाईंचा निरोप आला: काका, व्हिडिओवर बोलू या का? काकांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. आभाराचे चार शब्द तोंडपाठ केले. बायकोलाही शेजारी बसवलं, साक्षीला.

पडद्यावर बाई एकट्याच होत्या.

“बाकीची मंडळी?”

“बाकीचं कुणी नाहीच, काका. तुम्ही यायच्या आधीच सगळे पांगले. सॉफ्टवेअर पूर्ण झालं ना! चारशे वाचनालयं वापरतात, एकाचीही तक्रार नाही. तेच तर दुखणं आहे.”

दुखणं असं होतं. एका संस्थेने आपल्या सर्व्हरवर ‘ग्रंथपेटी’ला फुकट जागा दिली होती आणि चारशेच्या चारशे वाचनालयांचं काम तिथूनच चालायचं. संस्थेचा नियम कडक. महिनाभर ज्यात काहीच बदल होत नाही ते सॉफ्टवेअर मेलं असं समजायचं आणि उचलून टाकायचं. एखादी गोष्ट बिनबोभाट चाललीय, हे लिहायला त्यांच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

“दोन वर्षं त्या तक्त्यावर रोज एक बदल दिसतोय. तो तुमचा. फक्त तुमचा! चारशे वाचनालयं तुमच्या जिवावर उघडतात, काका.”

काकांची छाती फुगली. बायकोनेही नवऱ्याकडे जरा नव्याने पाहिलं. आभाराचे चार शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

“पण आज शेवटचं पान झालं,” ते हळूच म्हणाले. “आता एकही चूक उरली नाही.”

“म्हणून तर बोलायचं होतं.” बाईंनी घसा खाकरला. “मीच केलं असतं हो, पण कुठल्या पानावर काय चुकलं होतं ते तुमच्याइतकं पाठ कुणाला आहे? काका, रागावणार नसाल तर... महिन्याला एखादं पान पुन्हा पहिल्यासारखं करून द्याल का?”