हिरवं पाकीट

तैपेईत यंत्राच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं, की ते शहाण्यासारखं वागतं, असं मानतात. पण इस्पितळाचे दोन्ही सर्व्हर होते क्लाउडवर, पाकीट ठेवायला समोर यंत्रच नव्हतं. म्हणून ल्याओ साहेबांनी पाकिटं टेबलावरच्या आराखड्यावरच ठेवायला सांगितली.

ते सर्व्हर सांभाळणारी पेइशान वैतागली. "एक पडला तर दुसरा उभा राहावा म्हणून दोन घेतले, तरी दोघं एकदमच कोसळतात! आज पुन्हा कोसळले तर काम हातचं जाईल, आणि तुम्हाला खाऊ सुचतोय?"

"ठेव गं. तुझ्या हुशारीने तीनदा तोंडघशी पाडलंय, आता खाऊला संधी दे."

तिने चरफडत दोन्ही सर्व्हरच्या चौकोनांवर एकेक पाकीट आपटलं.

ल्याओ साहेबांनी मधल्या मोकळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"दोघांचा सगळा डेटा जिच्या पोटात, त्या डिस्कला मात्र ना पाकीट, ना जोडीदार?"