भूकंपाचा तास

हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या चैतालीने मुलांसाठी भूकंपाचा खेळ बनवला होता. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला की वर्ग गदागदा हलायला लागायचा आणि जो बाकाखाली शिरणार नाही तो आउट. वारज्याच्या शाळेत आठवडाभर त्याचा नुसता धिंगाणा चालला होता. शेवटच्या दिवशी ती चष्मे गोळा करत होती, तेव्हा मुख्याध्यापिका विजयमालाबाई म्हणाल्या, "मुलं खिदळली भरपूर. शिकली काय, ते काही दिसलं नाही."

चैतालीने शेवटचा चष्मा खोक्यात ठेवला.

इतक्यात मागच्या मैदानावर गणपतीच्या ढोलपथकाचा सराव सुरू झाला. पहिल्याच थापेला खिडक्यांची तावदानं थरथरली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अख्खा वर्ग बाकांखाली गडप झाला. प्रत्येकाचा एक हात डोक्यावर, दुसऱ्या हातात बाकाचा पाय.

चैताली खुशीत मागे वळली. "बाई, पाहिलंत?"

बाई जागेवर नव्हत्या.

टेबलाखालून त्यांचा आवाज आला, "अहो, खेळ तुमचाच ना? मग उभ्या काय राहिलात? आउट झालात."