अकरा फेऱ्या

सभागृहातले पंखे बंद पडले होते आणि वाद सकाळपासून तसाच चालू होता. शहराला स्वतःचं अग्निशमन दल हवं, की बत्तीस किलोमीटरवरून येणारा बंब पुरे?

"त्या बंबाच्या ड्रायव्हरलाच विचारू," घाम पुसत नगराध्यक्ष म्हणाले.

मागच्या बाकावरून खैरमोडे उठले. निवृत्तीला दोन महिने उरलेले. त्यांनी माइक घेतला. "सात वर्षांत तुमच्याकडे अकरा वेळा आलो. पाइप एकदाही सोडावा लागला नाही. कारण..."

"ऐकलंत? बंबाची गरजच नाही," विरोधातलं कोणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. माइक पुढे गेला, भराभर हात वर झाले आणि ठराव फेटाळला गेला. सगळ्यांना जेवायला जायचं होतं.

खैरमोडे खाली बसले. शेजारी इंदुताई होत्या. दिवाळीत त्यांची पिठाची गिरणी जळाली होती.

"कारण काय, ते राहिलंच सांगायचं," त्या म्हणाल्या.

"मी पोचेपर्यंत विझवायला काही उरतच नाही, ताई. तुमच्या गिरणीची तर राखही निवली होती. मला वाटलं, सगळ्यांनी पाहिलंय."