नववी पुडी

मनकर्णाबाईनं पुडी नाकाला लावली आणि डोळे मिटले. ओट्याशी पोह्यांचा कांदा चिरणाऱ्या सुनेनं, जयानं, सुरी थांबवली. या नाकापुढं खर्डा गावात कुणाचं काही चालत नसे. गावच्या दूध केंद्रावर तीस वर्षं बसलेलं नाक. दुधात पाणी घातलंय एवढंच नाही, तर ते कुठल्या विहिरीचं, आणि पोहऱ्यानं शेंदलेलं का मोटारीचं, हेही सांगायचं. पण तीस वर्षांत कुणाचं चांगलं दूध तिनं नासकं म्हणून परत पाठवलं नव्हतं.

"घास हाय," ती म्हणाली. "लसूणघास. कापून वाळवलेला."

"चहा आहे आज्जे," नात निकिता म्हणाली. "जपानचा."

"तू ऱ्हाती जर्मनीत. चा जपानचा. आन पाजती खर्ड्यात. ह्याला सरळ रस्ता म्हनत्यात व्हय?"

निकिता हसली. जरा जास्तच हसली. संशयाचं दूध वेगळ्या कॅनमध्ये काढून ठेवावं तसं मनकर्णाबाईनं ते हसू बाजूला ठेवलं.

चार वाजता संगमनेरचे पाहुणे यायचे होते. मुलगा चांगला, घर चांगलं. निकितानं आल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "आज्जी हो म्हणाली तर माझं हो." घरदार खूश झालं. मनकर्णाबाईला मात्र ते पटेना. एवढी शिकलेली पोरगी स्वतःचं लग्न म्हातारीच्या जिभेवर सोडून मोकळी होते? आज शब्द द्यायचा आपण, आणि पोरीच्या मनात भलतंच असलं तर?

"लई म्हाग असंल ह्यो चा."

"तिथल्या दुकानात महागच. आणि कधीचा पडलेला, कोण जाणे. म्हणून आम्ही आठ जणी मिळून थेट मळ्यावरून मागवतो. एकच खोकं, टपालखर्च आठ जणींत. पहिल्या तोडीचा परवडत नाही, दुसऱ्या तोडीचा घेतो. ताजा असतो आणि निम्म्यात पडतो."

"मधी दलाल न्हाई?"

"नाही."

"मंग मधी कोन हाय?"

"आत्या, पुरे की," जया म्हणाली. "पोरीला चौकीत बसवल्यागत काय करता?"

निकितानं पातेल्यात पाणी उकळलं, गॅस बंद केला आणि पाणी निवायची वाट बघत उभी राहिली. मग ते पानांवर ओतलं. दूध नाही, साखर नाही. कपातलं पाणी पोपटी झालं.

"उकाळी मारली न्हाई, दूध न्हाई. मंग ह्याला चा म्हनायचं कशापाई?" म्हणत मनकर्णाबाईनं घोट घेतला. कडू. मग मागून हळूच गोड. ते तिनं कबूल केलं नाही.

"आट जनी म्हनलीस. पुड्या किती येत्यात?"

"नऊ."

"नऊ?"

"एक ते वरची घालतात. पद्धत असते त्यांची. मी आणलीय ती तीच."

"दर खेपंला वरची?"

"हो."

"आन ती आट जनीत वाटून घेता?"

निकितानं गाळणी धुवायला घेतली. धुतलेलीच होती. "माझ्या नावावर येते. खोकं मी मागवते ना."

मनकर्णाबाईनं कप खाली ठेवला. मापाच्या वरचं कोण देतं आणि का देतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. सतरा वर्षांची असताना ती याच केंद्रावर दूध घालायची. म्हैस एवढी वाळकी, की बरगड्यांवर धोतर वाळत घालावं. तरी मापावरचा गहिनीनाथ तिच्या दुधाला रोज सात फॅट लिहून वरचा भाव द्यायचा. सातव्या महिन्यात दोघांचं लग्न झालं. आठव्या महिन्यात त्याच म्हशीचं फॅट साडेपाचावर आलं.

"मळेवाला दाव मला."

निकितानं मोबाईल पुढं केला. डोक्याला फडकं बांधलेली, सुरकुत्यांनी भरलेली म्हातारी चहाच्या झुडपांत बसून बोळकं पसरून हसत होती.

"घे. ब्याऐंशी वर्षांची आहे. पुड्या तीच भरते."

जयानं सुस्कारा सोडला. "बघा! आता तरी पटलं का?"

मनकर्णाबाई फोटोकडं बघत राहिली. म्हातारी तिला आवडली. दुधात पाणी घालणारीचं तोंड नव्हतं ते. तिनं मोबाईल परत दिला, आणि कॅनचा तळ बघायच्या जुन्या सवयीनं हातातली पुडी उलटी केली.

तळाला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. पहिलीतल्या पोरानं गिरवावीत तशी तीन वाकडी अक्षरं. वरची रेघ डोंगर चढून उतरलेली. नि, कि, ता.

तिनं ते अंगठ्यानं हळूच चाचपलं. जयाला दाखवलं नाही.

"निके, म्हातारीला मराठी लिव्हता येतं?"

निकितानं मोबाईल ओट्यावर पालथा घातला.

"नातू हाय का तिला?"

"थांब आज्जे," निकिता गर्रकन वळली, "दूध उतू जातंय."

गॅस बंद होता. पातेल्यात उरलंसुरलं पाणी होतं, तेही गार झालेलं. निकिता त्या पातेल्यावर वाकून, पदर नसताना पदरानं धरल्यासारखी ओढणीनं ते उतरवत होती. तिचे कान लालबुंद झाले होते.

मनकर्णाबाईनं पुडीचं तोंड नीट दुमडलं, ती आपल्या कमरेच्या पिशवीत घातली आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

"जया, संगमनेरला फोन लाव."

"काय सांगू?"

"म्हनावं, येऊ नका. दूध नासलंय."