तालमीची टेप

सायंकाळी सहा वाजता पुण्यातल्या जुन्या पंक बँडवरच्या माहितीपटाचा पहिला खेळ संपला. दिग्दर्शक निनाद त्याच बँडचा गायक. सगळी गाणी आपणच लिहिली, असं त्याने पडद्यावर सांगितलं. ड्रमर अल्पना माहितीपटात कुठेच दिसली नाही.

प्रश्नोत्तरं सुरू होताच प्रेक्षकांतून उठून ती माईकपाशी आली. “शेवटचं गाणं कोणाचं रे, निन्या?”

“माझंच. तू नुसती बडवायचीस!” लोक हसले.

तिने पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला आणि सुरू करून माईकसमोर धरला. प्रत्येक तालीम ती टेप करायची, हे तो विसरला होता. त्याचाच कोवळा आवाज आला, “अल्पे, पुढची ओळ सांग ना. तुझं गाणं पाठच होत नाही.”

“अशा अकरा कॅसेट आहेत,” ती म्हणाली. “रोज एक ऐकवीन.”

उद्याचा खेळ होणार का, हे आयोजकांनी सांगितलेलं नाही. अल्पनाने तिकीट काढलं आहे.