पिंटोंच्या बाटल्या

पिंटोंच्या पत्राला भार्गवरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. महिना होत आला होता. मुंबईच्या इस्पितळातून आलेलं पत्र चारच ओळींचं. डोळ्यांचं ऑपरेशन पार पडलं, पट्टी अजून सुटायची आहे, म्हणून सिस्टरकडून लिहून घेतो आहे. आणि शेवटी, ‘माझ्या बाटल्या कशा आहेत? त्यांना आणि मला, सध्या दोघांनाही उजेड वर्ज्य.’

पिंटो म्हणजे नाशिक रोडचे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. जवाला मोड आणायचे, ते भाजायचे, मेव्हण्यानं गोदीतून धाडलेली हॉप्सची सुकी फुलं कडवटपणासाठी घालायची आणि घरच्या घरी बियर करायची, हा त्यांचा नाद. तपकिरी बाटल्या मिळाल्या नाहीत, म्हणून या खेपेला ती साध्या पांढऱ्या काचेत भरलेली होती. मुंबईला निघताना त्या डझनभर बाटल्या भार्गवरावांच्या स्वाधीन करून ते म्हणाले होते, “राव, हिला ऊन लागलं की संपली. पट्टी सुटली की पहिली हीच बघणार.”

भार्गवरावांनी जन्मात बियर चाखली नव्हती. पण जन्मात त्यांना कोणी काही सांभाळायलाही दिलं नव्हतं. त्यांनी पुस्तकांच्या कपाटाचा खालचा खण रिकामा केला, बाटल्या आत उभ्या केल्या, पुढे जाड कोशांची भिंत रचली आणि कपाटाच्या काचेला आतून जुन्या छत्रीचं काळं कापड लावलं.

पावसाळा सरला. दर वर्षीप्रमाणे घरकामाच्या कुसाबाईंनी कपाट रिकामं करून पुस्तकांना ऊन दाखवलं. भार्गवराव तेव्हा वाचनालयात होते. संध्याकाळी परतले तर गच्चीवर कोशांच्या रांगेला लागून बाटल्यांची रांग, प्रत्येकीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं.

तेव्हापासून ते उत्तर लिहायला बसत आणि उठत. बियर बिघडली की नाही, हेच त्यांना कळत नव्हतं. विचारणार कोणाला? पलीकडच्या हनीफभाईंनी तर बाटलीला हातही लावला नसता.

आज दुपारी त्यांनी एक बाटली पुढ्यात घेतली आणि तिच्याकडे नुसते बघत बसले.

“आना इकडं,” पदराला हात पुसत कुसाबाई म्हणाल्या. “आमच्या पेठ तालुक्याकडं होळीला बाया बी घोटभर घेत्यात.”

“अहो, पण ही मोहाची दारू नव्हे.”

“नाय तर नाय. नाक तर त्येच हाय ना?”

बूच उडालं. निम्मा फेस भार्गवरावांच्या धोतरावर आला आणि ते खुर्चीसकट मागे सरकले. कुसाबाई खदखदून हसल्या, मग त्यांनी बाटली नाकाशी धरली आणि त्यांचं हसू थांबलं.

“अगं बया! उदमांजर शिरलं जनू आत.”

तरी त्यांनी एक घोट घेतला. अंगणात जाऊन थुंकून आल्या. भार्गवरावांनीही वास घेतला. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी त्यांनी विचारलं, “सगळ्याच गेल्या असतील?”

“समद्या एकाच उनात हुत्या, अण्णा.”

भार्गवरावांनी बूच पुन्हा बाटलीत दाबून बसवलं.

“मांजरानं पाडल्या, फुटल्या, असं लिहिलं तर?” भार्गवराव पुटपुटले.

“आन् त्यो आल्यावर मांजर कुटनं आनाल?” कुसाबाई खाली बसल्या. “म्या ठिवल्या उनात. मुरांब्याला ठिवत्यात तशा. मला वाटलं, आजारी मानसाचं हाय, चांगलं ऱ्हावं. माजं नाव लिवा. पिंटूसायब वरडंल घटकाभर, मला काय?”

“तुमचं नाव लिहायचं नाही,” भार्गवराव म्हणाले. “दिल्या होत्या त्यांनी माझ्याकडे.”

आपला आवाज इतका मोठा निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्याच भरात त्यांनी दौत पुढे ओढली.

इंग्रजीत लिहिलं. बाटल्या माझ्या घरात, माझ्या गच्चीवर, दिवसभर उन्हात राहिल्या. सगळ्या बिघडल्या. एवढं लिहून झाल्यावर सही करायची होती, पण टाक उचलला गेला नाही. पुढे लिहिलं, ‘रोज निजण्यापूर्वी मी कपाटावरचं कापड नीट आहे ना, ते बघत असे. त्या वेळी मला बरं वाटत असे. माझ्यावर असं काही कोणी आजवर सोपवलं नव्हतं. तुम्ही सोपवलंत, त्याबद्दल मी आभारी आहे.’ पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून वाचलं नाही.

कुसाबाईंना बाजारात जायचंच होतं. दोघं पोस्टाच्या पेटीपर्यंत बरोबर गेली.

“लवकर या म्हनून लिवलं का?” त्यांनी विचारलं.

“नाही. कुठल्या तोंडानं लिहू?”

“मंग कशापायी धाडताय? बाटल्या ग्येल्या आसं वाचून त्यो म्हनंल, आता जायचं कशाला त्यांच्याकडं.”

भार्गवराव थबकले. पाकीट चिकटवून झालं होतं. त्यांनी ते पेटीवर पालथं धरलं, कोटाच्या खिशातली पेन्सिल काढली आणि मागच्या बाजूला मराठीत ठळक लिहिलं, ‘लवकर या.’

पिंटोंना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. आणि डोळ्यांवर पट्टी. म्हणजे कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणार आणि सगळा वॉर्ड ऐकणार. हे ध्यानात आलं तेव्हा पाकीट अजून त्यांच्या हातात होतं.

ऐकू दे, म्हणून त्यांनी ते आत सोडलं.