रिकाम्या डिस्कची घरघर

कपाटावरच्या हार्ड डिस्कमध्ये सगळं घर मावलं होतं. गाणी, सिनेमे, बोटीवर नोकरीला असलेल्या बाबांनी पाठवलेले फोटो. पण तिची घरघर आईच्या डोक्यात जायची. दुपारी जरा आडवी झाली, की तिची हाक यायचीच, "अरे, थांबव रे ते तुझं दळण! डोळ्याला डोळा लागेल तर शपथ."

दुकानात दुप्पट जागेची डिस्क मुलाला खुणावत होती. तरी मन मारून त्याने कमी जागेच्या, पण अजिबात आवाज न करणाऱ्या दोन डिस्क घेतल्या. एकीवर सगळं उतरवलं, दुसरीवर त्याचा बॅकअप घेतला आणि जुनी डिस्क पुसून मित्राला द्यायला बाजूला काढली. घर कसं चिडीचूप झालं. स्वारी स्वतःवरच खूश!

दोनच दिवसांनी भर दुपारी आईच्या खोलीतून तीच ओळखीची घरघर ऐकू आली. तो धावत आत गेला. जुनी डिस्क चालू करून आईने उशाशी ठेवली होती आणि स्वतः डोळे मिटून निवांत पडली होती.

"अगं आई, रिकामी आहे ती! काहीसुद्धा नाही तिच्यात."

"असू दे रिकामी," डोळे न उघडताच आई म्हणाली. "तुझे बाबा घोरतात, तेव्हा त्यांच्यावरही मी अशीच खेकसते. ते बोटीवरून आले, की मग दे खुशाल तुझ्या मित्राला."